दोन इंचात कसलं ब्लिझर्ड म्हणे!

नोव्हेंबर लागला की तो मेसेज परत फिरायला लागतो. यंदा मला एकाच दिवशी तीन जणांकडून आला, त्यातला एक जळगावहून माझ्या काकांचा, खाली "काळजी घे पण उगाच घाबरू नको" असं लिहून. मेसेज आहे अमेरिकेतल्या मैदानी भागात, म्हणजे डकोटा, नेब्रास्का, मिनेसोटा वगैरेकडे शिकायला किंवा नोकरीला आलेल्या आपल्या पोरांसाठी, आणि त्याचं म्हणणं असं: अंदाजात दोन-तीन इंच बर्फ असेल तर ब्लिझर्डची, म्हणजे बर्फाच्या वादळाची, वॉर्निंग म्हणजे नुसता बाऊ, बर्फ थांबून ऊन पडलं की बिनधास्त निघा, सपाट रस्त्यावर डोंगरासारखा धोका नसतो, विंड चिल (वाऱ्यामुळे अंगाला जाणवणारी थंडी) हा टीव्हीवाल्यांनी फुगवलेला आकडा आहे आणि एल निनोचं वर्ष (पॅसिफिक महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापतं ते) असेल तर हिवाळ्याचं टेन्शनच नको.

मी नॉर्थ डकोटातल्या फार्गो शहरात आठ हिवाळे काढलेत. हा मेसेज ज्याने लिहिलाय त्याने इथला हिवाळा एकतर पाहिलाच नाहीये, नाहीतर खिडकीतून पाहिलाय.

पहिला मुद्दा, "दोन-तीन इंचात ब्लिझर्ड होत नाही". सगळ्या मेसेजचं मूळ इथंच आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. अमेरिकेच्या नॅशनल वेदर सर्व्हिसची ब्लिझर्डची व्याख्या बघा: वारा किंवा वारंवार येणारे झोत ताशी 56 किमी किंवा जास्त, पडणाऱ्या नाहीतर उडणाऱ्या बर्फामुळे 400 मीटरच्या पलीकडचं दिसत नाही, आणि हे किमान तीन तास चालतं. संपली व्याख्या. यात किती इंच पडला हे कुठेच नाहीये, तापमानसुद्धा नाहीये, आणि "पडणाऱ्या नाहीतर उडणाऱ्या" यातला "नाहीतर" नीट वाचा, म्हणजे नवीन बर्फ शून्य इंच पडला तरी ब्लिझर्ड होऊ शकतं, त्याला इकडे ग्राउंड ब्लिझर्ड म्हणतात. काकांना मी एवढंच विचारलं की मे महिन्यात आपल्याकडे धुळीचं वादळ येतं तेव्हा ती धूळ त्या दिवशी आभाळातून पडलेली असते का? शेतात पडून असते, वारा फक्त उचलतो. इथं धुळीच्या जागी बर्फ आहे, बाकी गोष्ट तीच.

आणि उचलतो तोही कसा. बर्फाचा कण जमिनीवरून उड्या मारत जातो, आपटून फुटतो, त्याचे ते सुंदर सहा कोन वगैरे पार मोडून जातात आणि उरते ती पिठी. ही पिठी इतकी बारीक असते की पहिल्या वर्षी आमच्या गॅरेजच्या दाराच्या फटीतून रात्रभरात आत येऊन तिची कमरेएवढी लांब आणि बोटभर उंच अशी एक धारदार रेघ झाली होती, हाताने उचलायला गेलो तर प्लॅस्टरसारखी कडक. बाहेरचे ढीगही तसेच, त्यांच्यावर उभं राहिलं तरी पाय आत जात नाही. वारा दुप्पट झाला तर तो वाहून नेत असलेला बर्फ दुप्पट होत नाही, दहापटीहून जास्त होतो. म्हणून ताशी 30 किमीच्या वाऱ्यात पाच इंच पडला तर मी निवांत ऑफिसला जातो, आणि 70 किमीच्या वाऱ्यात एक इंच असेल तर आदल्या रात्रीच दूध-ब्रेड आणून ठेवतो.

अर्थात खाली पडलेला बर्फ कसा आहे हेही बघावं लागतं. मध्ये एखादा दिवस तापमान शून्याच्या वर जाऊन वरचा थर वितळला आणि परत गोठला तर त्यावर पापुद्रा धरतो, मग कितीही वारा आला तरी फारसं काही उडत नाही. ताजा, कोरडा, भुरभुरीत बर्फ असेल तर मात्र संपलंच. अंदाज देणारे लोक हे सगळं बघतात, मेसेजवाले फक्त इंच बघतात.

बर्फ थोडा म्हणून धोका थोडा, हे समीकरण किती महाग पडतं ते याच भागात 12 जानेवारी 1888 ला दिसलंय. सकाळी हवा त्या मानाने उबदार होती, पोरं जाड कोट न घालताच शाळेत गेली, आणि दिवसा अचानक उत्तरेकडून वाऱ्याची भिंत आली. त्यात 235 माणसं गेली असा आकडा साधारण दिला जातो, त्यात शाळेतून घरी निघालेली मुलं खूप होती म्हणून त्याला मुलांचं ब्लिझर्ड असंच नाव पडलं. त्या लोकांना इंचांनी नाही मारलं, पिठासारख्या बर्फात दिशा कळेना आणि थंडी सोसेना, त्याने मारलं.

दुसरा, "ऊन पडलं की निघा". हे मी स्वतः करून बसलोय. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत ग्रँड फोर्क्सहून फार्गोला परत येत होतो, इंटरस्टेट 29 हा हायवे, सव्वाशे किमीचा सरळसोट रस्ता. वर निळंभोर आभाळ, गॉगल लावून गाडी चालवत होतो. हिल्सबोरोच्या आसपास वारा वाढला आणि रस्त्यावरून आधी सापासारखे पांढरे पट्टे सरकायला लागले, बघायला फार छान वाटतात, फोटो काढावासा वाटतो. दहा मिनिटांत ते पट्टे बोनेटच्या वर आले. तेव्हाचं दृश्य अजून डोळ्यासमोर आहे: वर सूर्य दिसतोय, विजेच्या खांबांची टोकं दिसतायत, आणि पुढच्या ट्रकचे लाल दिवे दिसत नाहीयेत. डोळ्यांच्या उंचीएवढ्या थरात सगळं दूध झालेलं. पुढचा एक्झिट अक्षरशः पांढरी रेघ शोधत शोधत पकडला आणि पेट्रोल पंपावर पाच तास काढले. तिथे बोनेट उघडलं तर इंजिनच्या आजूबाजूला बर्फ ठासून भरलेला, जसा कुणी मुद्दाम दाबून भरावा.

तिसरा, "सपाट आहे म्हणून धोका नाही". अहो, सपाट आहे म्हणूनच तर आहे! फार्गोजवळून वाहणाऱ्या रेड रिव्हर नदीचं हे खोरं म्हणजे हिमयुगानंतरच्या अ‍ॅगसी नावाच्या भल्यामोठ्या तळ्याचा तळ, ताटासारखा. बीट, सोयाबीन, गहू काढून झाला की कित्येक किमी वाऱ्याला अडवायला काही नाही. केळीच्या बागेला वाऱ्याच्या बाजूने शेवरी का लावतात हे जळगावच्या माणसाला मी काय सांगणार? इथेही तेच करतात. 1934 पासून 1942 पर्यंत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या काळात नॉर्थ डकोटापासून टेक्ससपर्यंत जवळपास 22 कोटी झाडं लावली गेली ती मुख्यतः वारा अडवायलाच, आणि मिनेसोटात आजही काही शेतकऱ्यांना हायवेच्या कडेला मक्याच्या काही ओळी न कापता उभ्या ठेवायचे पैसे मिळतात. बर्फ त्या ओळींमागे पडून राहतो, रस्त्यावर येत नाही. दरीत पडायची भीती इथे नाही हे खरं, पण न दिसणाऱ्या रस्त्यावर उभ्या ट्रकला मागून धडकायची आहे, आणि अडकल्यावर एक्झॉस्ट (धुराची नळी) बर्फाने बुजून गाडीत विषारी वायू भरायची आहे. अडकलात तर गाडी सोडून चालत जाऊ नका, एक्झॉस्ट मोकळा करा, इंजिन तासाला दहाएक मिनिटंच चालवा, तेवढ्या वेळात काच किंचित खाली ठेवा. आणि हायवेवर चढायच्या रॅम्पवरचं गेट बंद केलेलं असेल तर बाजूने गाडी घालू नका. रस्त्यावरचा बर्फ हटवणारे प्लाऊसुद्धा अशा वेळी परत बोलावतात, तुमच्या मागे येणार कोण?

विंड चिलबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे, मान्य करतो. तापमान उणे 18 सेल्सियस आणि विंड चिल उणे 33 असेल तर गाडी उणे 33 वर जात नाही, उणे 18 वरच थांबते, फक्त तिथपर्यंत लवकर पोचते. पण आपण गाडी नाही, आपल्या अंगात ऊब आहे आणि वारा तीच काढून नेतो. तेवढ्या विंड चिलमध्ये उघडं कातडं अर्ध्या तासात गोठू शकतं. बस स्टॉपवर हातमोजे काढून फोन बघणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

राहिला एल निनो. 2023-24 चा हिवाळा एल निनोचा होता आणि अलास्का-हवाई सोडून अमेरिकेचा नोंदीतला सगळ्यात उबदार हिवाळा ठरला. त्याच हिवाळ्यात ऐन ख्रिसमसला नेब्रास्का, कॅन्सस, साउथ डकोटात ब्लिझर्ड होऊन हायवे बंद पडले होते. ऑक्टोबरात येणारा सीझनचा अंदाज तीन महिन्यांची सरासरी कुठे झुकेल याची शक्यता सांगतो, अमुक मंगळवारी वारा किती हे तो सांगतच नाही. त्यासाठी त्या आठवड्याचा अंदाज बघायचा, त्यातही वाऱ्याची ओळ आधी.

काकांना हे सगळं फोनवर सांगितलं, त्यांना शेवरीचं लगेच पटलं, एल निनोचं अजून नाही. गुरुवारचा अंदाज एक ते दोन इंचांचा आहे, झोत ताशी 80 किमीपर्यंत, आणि शेतात परवाचा पाच इंच कोरडा बर्फ तसाच पडून आहे. ग्रँड फोर्क्सची मीटिंग मी पुढे ढकललीये.