नुसता वेळ देऊन छाप पुसत नाही

‘समोरच्याला जरा जास्त वेळ न्याहाळा, पहिली छाप आपोआप दुरुस्त होते’ हे पहिल्या भेटीत पडणाऱ्या छापेबद्दलच्या एका लेखातलं वाक्य काही पटलं नाही. विलिस आणि टोडोरोव्ह या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधल्या प्रयोगात लोकांना अनोळखी चेहरे सेकंदाच्या दहाव्या भागापुरते दाखवले होते. वेळ वाढवून दिला तरी मतं फारशी बदलली नाहीत, वाढला तो त्या मतांवरचा विश्वास!

मी स्वतः यात तोंडघशी पडलोय. नोकरीच्या मुलाखती घेत होतो. एक मुलगा आला, शर्टाचं बटण एक काज चुकलेलं, त्यामुळे कॉलर एका बाजूने वर. ‘गबाळा’ असा शिक्का मनात बसला तो बसलाच. अर्धा तास समोर होता, पण उत्तर द्यायला जरा थांबला की मला वाटायचं, तयारीच नाही. शेजारच्या मॅडम खाली मान घालून नुसतं लिहून घेत होत्या (त्यांनी त्याच्याकडे धड पाहिलंही नसावं). त्यांनी त्याला सगळ्यांत जास्त गुण दिले. टिपणं वाचल्यावर मी गप्प. हल्ली आधी नाव-फोटो झाकून लेखी उत्तरं तपासतो, माणूस नंतर आत बोलावतो.