मूकपटातली मुलगी रुळांवर पडून नव्हती

मूकपटांबद्दल समाजमाध्यमांवर एक मजकूर सारखा फिरतो. त्याचं म्हणणं असं: त्या काळच्या गुन्हेपटात बाईला एकच काम, रुळांना बांधलेल्या अवस्थेत किंचाळायचं. आईच्या किंवा वडिलांच्या मृत्यूचा छडा लावणारी मुलगी ही अलीकडची कल्पना. संवाद नसताना तपास दाखवणार तरी कसा? आणि माणसं एवढी दुडुदुडु पळतात की खूनसुद्धा विनोदी वाटतो.

आधी रूळ. हा प्रसंग गाजला तो रंगभूमीवर, १८६७ साली न्यूयॉर्कला लागलेल्या 'अंडर द गॅसलाइट' या नाटकात. तिथे रुळांना बांधलेला असतो पुरुष, आणि शेडमध्ये कोंडलेली लॉरा कुऱ्हाडीने दार फोडून त्याला सोडवते. पुरावा म्हणून जो फोटो दाखवतात तो बहुतेक वेळा १९१३ च्या 'बार्नी ओल्डफील्ड्स रेस फॉर अ लाइफ'मधला, अभिनेत्री मेबल नॉर्मंडचा असतो. तो कीस्टोन कंपनीचा विनोदी लघुपट, अशा नाटकांची टर उडवणारा. म्हणजे टवाळीलाच आपण नियम समजून बसलो आहोत. 'पेरिल्स ऑफ पॉलीन' या मालिकापटाचंही नाव हमखास घेतलं जातं. त्याच्या आज उपलब्ध असलेल्या भागांत असा प्रसंग नाही.

आता मुलगी. १९१४ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या 'एक्सप्लॉइट्स ऑफ इलेन' या १४ भागांच्या मालिकापटात पर्ल व्हाइटची इलेन वडिलांच्या खुन्याच्या मागे लागते, आणि तो निघतो तिचाच विश्वासू वकील. प्रयोगशाळेतला तपास क्रेग केनेडी हा गुप्तहेर करतो आणि इलेनची सुटका अनेकदा त्यालाच करावी लागते, हे मान्य. पण खुनी सापडलाच पाहिजे हा ध्यास तिचा आहे. त्याच सुमारास सुरू झालेल्या 'हॅझर्ड्स ऑफ हेलन'चे ११९ भाग निघाले. त्यातली हेलन रेल्वेची तारयंत्र चालवणारी; चोरांचा पाठलाग ती स्वतः करते, चालत्या मालगाडीवर उडी घेते. अमेरिकन मालिकापटांचं हे वेड मुंबईचे चित्रपट-निर्माते वाडिया बंधू यांनाही होतं. त्यांच्या १९३५ च्या 'हंटरवाली'त, म्हणजे बोलपट आल्यावर, नादियाची राजकन्या कैदेतल्या बापासाठी मुखवटा चढवते. बापासाठी झगडणाऱ्या मुलीची ही परंपरा तिला आयती मिळालेली होती.

संवादांवाचून तपास कसा, हा प्रश्न मात्र चांगला आहे. पुरावा बोलत नाही, दिसतो. म्हणून मूकपटाला तपास उलट सोयीचा. चिठ्ठी, अंगठी, तुटलेलं बटण पडदाभर दाखवायचं, मग पाहणाऱ्या मुलीचा चेहरा, मग पुन्हा वस्तू. पडद्यावर मजकुराची पाटी दाखवायची गरजच नाही. रात्र दाखवायला दिवसा चित्रीकरण करून फिल्मचा तो तुकडा निळ्या रंगात बुडवत. दिव्याच्या उजेडातली खोली पिवळसर तांबूस. अंधाऱ्या निळ्या खोलीत मुलगी दिवा लावते, त्याच क्षणी कट, आणि पुढचा तुकडा तांबूस. पुढे काळ्या-पांढऱ्या नकला निघाल्या तेव्हा हे रंग गेले. आता तीच मुलगी भर उन्हात हातात मेणबत्ती घेऊन चाचपडताना दिसते आणि लोक हसतात. तेव्हाच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसत नसे, म्हणून ओठ काळेठिक्कर आणि निळे डोळे पांढुरके. तो अभिनयाचा दोष नव्हे.

दुडुदुडु पळण्याचा हिशेब सोपा आहे. कॅमेऱ्याचा दांडा सेकंदाला दोनदा फिरवायचा, दर फेऱ्याला ८ फ्रेम (सुटी चित्रं), म्हणजे सेकंदाला १६. ३५ मिमीच्या एक फूट फिल्मवर १६ फ्रेम मावतात, म्हणून १,००० फुटांचं रीळ १६ मिनिटं ४० सेकंद चालायचं. ध्वनी आल्यावर सेकंदाला २४ फ्रेम ठरल्या. त्या वेगाने तेच रीळ ११ मिनिटांत संपतं. खरा वेग प्रत्येक चित्रपटागणिक बदलायचा, विसाच्या दशकात तो वाढतही गेला. यूट्यूबवर माणसं पळताना दिसली तर वेग ०.७५ करून पाहा: २४ चे १८ होतात. ओतलेलं पाणी आणि बसणारी माणसं यांच्यावर नजर ठेवा. पाणी नैसर्गिक पडलं की वेग जुळला. काही नव्या प्रतींत वेग आधीच दुरुस्त केलेला असतो, तिथे हात लावू नका.

आणि ही मुलगी आपल्याला दिसत का नाही? लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या २०१३ च्या अहवालानुसार अमेरिकेच्या सुमारे ११,००० मूक कथापटांपैकी मूळ स्वरूपात फक्त १४ टक्के उरले आहेत. आगी लागल्याच, पण आता यातून पैसे मिळणार नाहीत म्हणून कंपन्यांनीही फिल्म नष्ट केल्या; युनिव्हर्सलने १९४८ साली आपल्याकडचे उरलेले मूकपट असेच संपवले. जे रीळच राहिलं नाही त्यातल्या बाईने काय केलं हे रुळांवरच्या एका फोटोवरून ठरवता येत नाही.