एक थप्पड आणि गुन्हा कबूल!

काल रात्री परत तेच! इंदूरला रामबागेतल्या घरी जेवणं आटोपून आम्ही सगळे मालिकेसमोर बसलो. पाऊण तास भाग असा रंगला की कुणी पाणी प्यायलाही उठलं नाही. आणि शेवटी? इन्स्पेक्टरने एक थप्पड ठेवून दिली, खुनी घळाघळा रडला, गुन्हा कबूल, केस संपली! अरे, पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२च्या पुरावा कायद्यात हेच होतं, १ जुलै २०२४पासून त्याच्या जागी लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही हेच आहे. लिहिणाऱ्याला एवढंही माहीत नसावं?

आणि तो रुमाल! रक्ताने माखलेला सुरा साहेब खिशातल्या चुरगळलेल्या रुमालाने उचलतात. त्याच रुमालाने दोन मिनिटांपूर्वी मानेवरचा घाम पुसला होता, मी नीट बघितलंय. सुऱ्यावरचे ठसे पुसले जाणार, वर ह्यांचा घाम लागणार, मग प्रयोगशाळेने तपासायचं काय, कपाळ? हातमोजे कुठायत? पंच कुठायत? प्रेताभोवती अख्खी चाळ फिरतेय, कुणी हटकत नाही. डीएनएचा रिपोर्ट मात्र चहा निवायच्या आत हजर!

आत्या म्हणते, "गोष्ट आहे रे, सोड की." का सोडू? परवा शेजारी चोरी झाली, संशयावरून एका पोराला धरलं, तेव्हा हीच आत्या गॅलरीतून म्हणाली, "दोन ठेवून द्या, आपोआप बोलेल." पोराने काहीच केलं नव्हतं. हे आत्याला शिकवलं कुणी?