उटीहून चार वाजताच का निघालो

नमस्कार ताई,

तुम्ही आमच्या उटी सहलीला एकच स्टार दिलात. टॉय ट्रेनच्या नावाखाली फसवलं, आईंच्या पाण्याच्या बाटल्या चेकपोस्टवर काढून घेतल्या, दोड्डबेट्टाच्या शिखरावर धुक्याशिवाय काही दिसलं नाही आणि शेवटच्या दिवशी ड्रायव्हरने चॉकलेटच्या दुकानातून 'गुरांसारखं हाकलून' चार वाजताच बसमध्ये बसवलं, असं तुम्ही लिहिलंय. बेळगावला टिळकवाडीच्या आमच्या ऑफिसात दोन दिवस हाच विषय चालू आहे.

आधी टॉय ट्रेन, कारण तिथे चूक सरळ आमची. हँडबिलावर वाफेचं इंजिन आणि दातेरी रुळाचा फोटो छापला, आणि तुम्हाला बसवलं कुन्नूर ते उटी, डिझेलच्या गाडीत. त्या टप्प्यात दातेरी रूळ नाहीच. तो खाली कल्लार ते कुन्नूरच्या चढात आहे, जिथे बारा फूट पुढे गेलं की साधारण एक फूट वर चढावं लागतं. युनेस्कोच्या यादीत २००५ साली गेली ती डोंगराखालच्या मेट्टुपाळयमपासूनची ४६ किलोमीटरची पूर्ण लाईन. तुमच्या वाट्याला शेवटचे एकोणीस-वीस किलोमीटर आले. मेट्टुपाळयमची गाडी सकाळी सातच्या सुमाराला सुटते. ती धरायची तर आदली रात्र डोंगराखाली काढावी लागते, आणि म्हैसूरवरून जाणाऱ्या आपल्या सहलीत ते बसत नाही. हे बुकिंगच्या वेळीच सांगायला हवं होतं. तिघांचे मिळून १,२०० रुपये परत करतोय. तो फोटोही काढून टाकलाय.

बाटल्यांचंही तुमचं बरोबर. निलगिरी जिल्ह्यात प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्यांना बंदी आहे, चेकपोस्टवर बघतात आणि काढून घेतात. गाईडने ते वाटेत गुंडलुपेटला बसमध्ये सांगितलं होतं, पण कन्नडमध्ये. तो म्हैसूरचा. चिक्कोडी-गोकाकच्या मंडळींना समजलं, तुमच्या आईंना नाही. आपल्या बेळगावच्या बसमध्ये सूचना दोन्ही भाषांत व्हायला पाहिजे, एवढं आम्हाला कळायला हवं होतं. यापुढे निघण्याआधी व्हॉट्सॲपवर मराठीत पाठवू: स्टीलची बाटली घ्या.

दोड्डबेट्टा २,६३७ मीटरवर आहे. तिथल्या धुक्याचे पैसे मात्र आम्ही देत नाही. पावसाळ्यात आंबोलीला जाऊन तरी आपल्याला दुसरं काय दिसतं!

आता ड्रायव्हर. इथे मी मागे हटणार नाही. परतीच्या वाटेवरचा बंडीपूरच्या जंगलातला रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो. रात्री गाड्यांखाली जनावरं मरायची, म्हणून २००९ पासून ही बंदी आहे. ॲम्ब्युलन्स आणि ठरलेल्या काही सरकारी बसेस सोडल्या तर कुणालाच सोडत नाहीत, ओळख असो नाहीतर नसो. उटी ते गुडलूर घाट, त्यात रविवारची गर्दी, मग मुदुमलाईचं जंगल आणि त्यानंतर बंडीपूरचं गेट. तुम्ही म्हणता मोबाईलवर मसिनगुडीवरून जवळचा रस्ता दिसत होता. दिसतो खरा. त्या रस्त्यावरच्या कल्लट्टी घाटात ३६ हेअरपिन वळणं आहेत आणि उतार असा की ब्रेक तापतात. चाळीस माणसांची बस घेऊन आमचा माणूस तिथून उतरणार नाही, आणि उतरला तर मीच त्याला कामावरून काढीन.

दोन वर्षांपूर्वी 'अजून दहा मिनिटं, अजून दहा मिनिटं' करत आमची एक बस नऊ वाजून गेल्यावर गेटवर पोचली. अख्खी रात्र तिथेच. बसमध्ये दोन लहान पोरं होती, दूध नाही, बाथरूम नाही. सकाळी सहाला गेट उघडलं तेव्हा माझ्या फोनवर सत्तावीस मिस्ड कॉल होते. तेव्हापासून चार म्हणजे चार. तुमच्या वेळी बस सव्वाआठला गेटवर होती. तुम्हाला ते पाऊण तास वाया गेल्यासारखे वाटले, मला ते हवेच असतात.

तरी 'चला चला, बसा' असं वयस्कर माणसांवर ओरडायची गरज नव्हती. दुपारी जेवतानाच वेळ सांगितली असती तर चॉकलेट आधी घेऊन झालं असतं. ड्रायव्हरला मी बोललोय. त्यालाही वाईट वाटलंय, पण त्या गेटवरच्या रात्री गाडी त्याचीच होती.

पैसे बुकिंगच्या नंबरावर आज पाठवतो. आणि सतरा नंबर सीटखाली एक निळी शाल सापडली, बहुतेक आईंचीच. ऑफिसात ठेवलीय. सोमवारी आम्ही बंद असतो, बाकी कधीही या.