८० टक्के बचतीच्या फॉरवर्डचा हिशेब

अमेरिकी कंपन्यांचं सॉफ्टवेअरचं काम इथे पाठवण्याबद्दलचा (आउटसोर्सिंगचा) फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल: अमेरिकेत वर्षाला १ लाख डॉलर घेणारा इंजिनिअर मुंबईत २० हजार डॉलरांत मिळतो, कंपनीचे ८० टक्के वाचतात, काम शिकवलं की झालं, आपल्याला फुकटात डॉलर मिळतात, रात्रपाळी स्वखुशीची. मग नुकसान कुणाचं?

‘८० टक्के वाचतात.’ २० हजार हा पगार झाला. क्लायंट, म्हणजे ती अमेरिकी कंपनी, पगार देत नाही, इथल्या सेवा कंपनीला तासाचा दर देतो. २५ डॉलर दर धरा, वर्षाचे १,९०० तास, झाले ४७,५०० डॉलर. त्यातच बेंचवरची (प्रोजेक्ट नसतानाही पगार घेणारी) माणसं, पीएफ, ऐरोलीतल्या ऑफिसचं भाडं, कॅब आणि सेवा कंपनीचा नफा. तिकडे बसून काम वाटून देणाऱ्याच्या वेळेचे आणखी १५,००० धरा. अमेरिकेतला माणूसही विमा, कर मिळून सव्वा लाखाला पडतो, हे मान्य. तरी बचत निम्मीच. पहिल्या वर्षी नॉलेज ट्रान्सफरचे, म्हणजे जुन्याने नव्याला काम शिकवण्याचे, तीन महिने दोन्हीकडची माणसं पोसायची, म्हणजे ३१,२५० गेले. उरले २५ टक्के.

शिवाय कंपनी स्वतःचं सॉफ्टवेअर इथे बनवून घेत असेल, तर अमेरिकी करकायद्याचं कलम १७४ आडवं येतं. २०२२ पासून परदेशातला असा खर्च करपात्र उत्पन्नातून १५ वर्षांत विभागून वजा करावा लागतो, पहिल्या वर्षी फक्त तिसावा हिस्सा. २०२५ मध्ये देशांतर्गत खर्चाला पूर्ण वजावट परत मिळाली, परदेशातल्या खर्चाला नाही.

‘काम शिकवलं की झालं.’ इथेच सगळं फसतं. रनबुक, म्हणजे काम कसं चालवायचं त्याची वही, लिहितो तो नोकरी जाणारा माणूस. हे शिकवणं पूर्ण केलं तरच नोकरी गेल्याची भरपाई, अशी अट बऱ्याचदा असते. तो रोजची वाट लिहून देतो. तिमाहीअखेर अडकणारा प्रोग्रॅम कुठून परत सुरू करायचा, ते त्याच्या डोक्यातच राहतं. उपाय माहीत आहे: आधी शॅडो, म्हणजे नव्या टीमने जुन्याचं काम बघायचं, मग नव्या टीमने काम करायचं आणि जुन्याने नुसतं बघायचं, आणि त्यात किमान एक तिमाहीअखेर यायलाच हवी. वेळापत्रक कापताना पहिली कात्री नेमकी यावरच चालते. आणि नोकरी घालवण्याचा निर्णय तिकडच्या संचालकांचा असतो, शिव्या मात्र आपल्या पोरांना.

‘फुकटात डॉलर.’ कोडची मालकी करारानेच क्लायंटकडे जाते. आपल्याकडे मजुरी उरते.

‘रात्रपाळी स्वखुशीची.’ न्यूयॉर्कचे सकाळी १० ते संध्याकाळी ६ म्हणजे आपले उन्हाळ्यात रात्री साडेसात ते पहाटे साडेतीन. हिवाळ्यात एक तास पुढे. उन्हाळ्यात सुटायच्या वेळी लोकल बंद, म्हणून कॅब ही मेहेरबानी नव्हे. रात्री साडेनऊनंतर महिलांना कामावर ठेवायचं तर त्यांची संमती आणि घरापर्यंत वाहन, असं महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा सांगतो. पण ऑफर लेटरमध्येच ‘कोणतीही शिफ्ट’ लिहिलेली असताना नाही म्हणणार कोण? क्लायंट अनेकदा ३० दिवसांच्या नोटिशीवर करार मोडू शकतो. इंजिनिअरला मात्र नोकरी सोडायला बऱ्याचदा ९० दिवस लागतात.