सम्राटाच्या आवाजात ऐकण्यासारखं काय आहे?

नमस्कार. ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्त्स योसेफ याचा आवाज ऐकून अंगावर काटा आला, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता की, खरखरीतून जेमतेम कळणारं ते वाक्य अगदीच पोकळ आहे, साध्या माणसांचे आवाज मातीत गेले असताना राजाचा आवाज कुरवाळत बसणं बरं नव्हे, आणि महायुद्धाला तोंड फोडणाऱ्या माणसाबद्दल एवढं हळवं होण्याचं कारणच काय?

आधी माझी चूक कबूल करतो. पोलादी तारेवरच्या त्याच्या वाक्याला मी ‘जगातला सर्वात जुना आवाज’ म्हटलं, ते साफ चुकलं. डेन्मार्कच्या पोलसेनचं तारेवर ध्वनी टिपणारं यंत्र १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात गाजलं. सम्राटाचं वाक्य त्या यंत्रावरचं, म्हणजे चुंबकीय ध्वनिमुद्रणाच्या अगदी सुरुवातीचं. माणसाचा आवाज त्याच्या कितीतरी आधी पकडला गेला होता. पॅरिसच्या स्कॉटने १८६० मध्ये काजळी धरलेल्या कागदावर गाण्याच्या रेघा उमटवल्या, आणि त्या २००८ मध्ये संगणकाने वाजवून दाखवल्या.

आता पोकळ वाक्याबद्दल. ते तारेवरचं नव्हे, त्यानंतरचं. २ ऑगस्ट १९०३ रोजी ऑस्ट्रियातल्या बाड ईशल या गावी तो दुसऱ्या एका यंत्रात बोलला, तेव्हा वयाची ७३ वर्षं पूर्ण व्हायला जेमतेम पंधरवडा उरला होता. विज्ञान अकादमीच्या विनंतीवरून माझा आवाज या यंत्रात बोलून संग्रहात जमा करताना मला फार आनंद झाला, असं तो म्हणतो. बस्स! पण ‘मला फार आनंद झाला’ हे त्याचं आयुष्यभराचं ठरलेलं वाक्य होतं. सांगतात की, व्हिएन्नाच्या ऑपेराघरावर टीकेची झोड उठली आणि १८६८ मध्ये त्या इमारतीच्या एका वास्तुरचनाकाराने आत्महत्या केली. तेव्हापासून सम्राटाने जाहीरपणे मत देणंच सोडलं. काहीही दाखवा, ‘फार सुंदर, मला फार आनंद झाला.’ दंतकथेचा भाग सोडला तरी ही सवय खरी होती, आणि ती यंत्रासमोरही सुटली नाही. पुण्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली त्या १८४८ साली हा गादीवर बसला. पंचावन्न वर्षांचं राज्य त्या एका गुळगुळीत वाक्यात ऐकू येतं. तुम्ही ज्याला पोकळ म्हणता, तेच मला त्यात सर्वात खरं वाटलं.

साध्या माणसांचा तुमचा मुद्दा मला पटतो, आणि म्हणूनच हे सांगावंसं वाटतं. ज्या संग्रहासाठी सम्राट बोलला, ते व्हिएन्नाचं फोनोग्रामआर्काइव्ह १८९९ मध्ये स्थापन झालं ते भाषा, बोली आणि संगीत टिपायला. १९०१ मध्येच त्यांची माणसं क्रोएशियात, ग्रीकांच्या लेस्बोस बेटावर आणि ब्राझीलमध्ये जाऊन आली. सगळ्या सामानासकट यंत्र शंभर किलोंच्या वर. एवढं ओझं वाहून नेलं ते तिथल्या लोकांचं बोलणं आणि गाणं मेणात उतरवायला. सम्राटाची तबकडी त्याच संग्रहातली एक आहे. बोली बोलणाऱ्यांच्या शेजारी तीही ठेवलेली आहे.

राहिलं महायुद्ध. इथे मी मागच्या लेखात कमी पडलो. ज्या ईशलमध्ये तो १९०३ मध्ये यंत्रात बोलला, तिथेच २८ जुलै १९१४ रोजी त्याने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारलं. आणि डिसेंबर १९१५ मध्ये तो पुन्हा ध्वनिमुद्रणासाठी बोलला, सैनिकांच्या विधवा आणि अनाथ मुलांच्या निधीसाठी. त्या बायकांचे नवरे ज्या युद्धात मेले, ते त्याच्याच सहीने सुरू झालेलं. पुढच्या नोव्हेंबरात तोही गेला.

आवाज ऐकला म्हणून मी त्याला माफ करत नाही. पण नुसतं वाचलं असतं, तर युद्ध सुरू करणारा सम्राट म्हणजे कुणीतरी गरजणारा माणूस असंच मी धरून चाललो असतो. १९०३ चं आणि १९१५ चं, दोन्ही ध्वनिमुद्रणं एकामागोमाग ऐका, आणि मग पुन्हा लिहा. मी वाट पाहतो.