माउथवॉशने मुलांचे दात कायमचे काळे पडतात? त्या फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

इंदूरच्या आपल्या मराठी मंडळींच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय. ज्यांच्यापर्यंत तो पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मुलांना कुठलाही माउथवॉश दिला तरी दात तपकिरी होतात. हा डाग दाताच्या आत मुरतो आणि जन्मभर जात नाही, पुढे येणारे दातही डागाळलेलेच येतात. या सगळ्याच्या मुळाशी फ्लोराइड आहे, म्हणून फ्लोराइडची पेस्टसुद्धा आजपासून बंद करा. डाग पडलेच असतील तर लिंबाची फोड मिठात बुडवून रोज रात्री दातांवर घासा. आणि शेवटी नेहमीचं: पूर्वी कुठे होते माउथवॉश, तरी आजोबांचे दात शेवटपर्यंत शाबूत होते.

मी फार्मसिस्ट आहे, रामबागेच्या बाजूला आमचं मेडिकल आहे. हा फॉरवर्ड मोबाइलवर उघडून लोक काउंटरवर येतात, म्हणून तो मला जवळजवळ पाठ झालाय. त्यात एक खरी गोष्ट आहे, पण तिच्या आधारावर चार चुकीच्या गोष्टी रचल्या आहेत, आणि त्यातल्या दोन मुलांच्या दातांचं खरोखर नुकसान करतील. म्हणून हे लिहितेय.

"कुठलाही माउथवॉश घ्या, डाग पडणारच."

नाही. डाग पडणं न पडणं आत काय आहे त्यावर ठरतं. बाटलीच्या पुढच्या बाजूला कार्टून असो की पुदिन्याची पानं, त्यावरून काही कळत नाही. बाटली फिरवा आणि मागे बारीक अक्षरात घटक छापलेले असतात ती ओळ वाचा.

त्या ओळीत 'क्लोरहेक्सिडिन ग्लुकोनेट' असेल तर डागाची भीती खरी आहे. फॉरवर्डमधली ती एक खरी गोष्ट हीच. हे उत्तम जंतुनाशक आहे. दात काढल्यावर, हिरड्यांच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा हिरड्या सुजल्या असताना डेंटिस्ट थोड्या दिवसांसाठी ते लिहून देतात. त्याचा गुण आणि दोष एकच: ते चिकटून राहतं. दातावर लाळेचा एक पातळ थर कायम असतो. त्या थराला आणि जिभेला क्लोरहेक्सिडिन धरून बसतं आणि कित्येक तास काम करत राहतं. मग त्यावरून चहा गेला की चहातली टॅनिन्स (चहाला तुरटपणा देणारी द्रव्यं) त्याला येऊन चिकटतात आणि तपकिरी थर तयार होतो. हा काही नव्याने लागलेला शोध नाही. दातांच्या डॉक्टरांच्या नियतकालिकांत १९७१ सालीच या दुष्परिणामाची नोंद झालेली आहे. २०१७ साली कॉक्रेन संस्थेने सगळ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हाही हेच दिसलं की चार ते सहा आठवडे सलग वापरलं तर डाग ठळकपणे वाढतात.

मागे आमच्या ओळखीतल्या एक वहिनी नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. "ताई, फॉरवर्ड खराच निघाला की हो," म्हणाल्या. मी मुलाला आ करायला सांगितलं आणि मोबाइलचा टॉर्च मारला. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू तपकिरी, दोन दातांमधल्या फटींत तर जवळपास काळी. जिभेवरही मळकट थर. एका दाढेत पांढरं सिमेंट भरलेलं होतं, त्याच्या कडेने रेघ ओढावी तसा डाग. बाटली कुठली वापरतोस विचारलं तर कळलं, आजोबांची दाढ काढली तेव्हा आणलेली बाटली बाथरूममध्ये उरली होती आणि रंग आवडला म्हणून हा रोज सकाळी त्यानेच चुळा भरत होता. वर लगेच आजीबरोबर चहा-टोस्ट. बाटलीवर क्लोरहेक्सिडिन ०.२ टक्के असं स्वच्छ लिहिलेलं होतं. ते मुलांचं माउथवॉश नव्हतंच, मोठ्यांना चार दिवसांसाठी दिलेलं औषध होतं.

मुलांसाठी म्हणून जे विकलं जातं त्यात बहुतेक वेळा सोडियम फ्लोराइड असतं, रोजच्या वापराचं असेल तर ०.०५ टक्के. याने तपकिरी डाग पडत नाहीत. इथे एका गोष्टीने मात्र शिकलेली माणसंही फसतात. सोडियम फ्लोराइडचंही ०.२ टक्क्यांचं द्रावण असतं, ते आठवड्या-पंधरवड्यातून एकदा वापरायचं असतं, आणि क्लोरहेक्सिडिनही ०.२ टक्केच मिळतं. आकडा तोच, औषधं अगदी वेगळी. नुसता आकडा लक्षात ठेवून बाटली मागू नका, नाव सांगा.

बाकीचं पटकन. 'सेटिलपिरिडिनियम क्लोराइड' असलेल्या माउथवॉशनेही काहींना डाग पडतात, सहसा क्लोरहेक्सिडिनपेक्षा कमी. मोठ्यांच्या काही माउथवॉशमध्ये अल्कोहोल असतं, ते मुलांना डागांसाठी नाही तर पोटात जाऊ नये म्हणून द्यायचं नाही. आणि काही द्रावणं मुद्दाम रंगवणारी असतात. दातावर कीट कुठे राहिलंय ते मुलाला दिसावं म्हणून ती कीटाला निळा-जांभळा रंग देतात. तो रंग बघून घाबरायचं नाही, नीट ब्रश करून घालवायचा, त्यासाठीच तर ते असतं.

"डाग दाताच्या आत मुरतो, जन्मभर जात नाही."

क्लोरहेक्सिडिनचा डाग दाताच्या वरच्या थरावर असतो, दाताच्या आत नसतो. डेंटिस्ट पॉलिशिंग करून तो काढतात. त्या मुलाचाही एका बैठकीत निघाला. पुढे येणारे दात डागाळलेले येतील हे तर कसं शक्य आहे? ते अजून जबड्यात आहेत, चूळ त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

आतून डागाळलेले दात असतात, पण त्यांची कारणं वेगळी. दात जबड्यात घडत असताना टेट्रासायक्लिन गटातलं औषध पोटात गेलं तर दात करडे-पिवळे येऊ शकतात, म्हणून ती औषधं आठ वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बाईला सहसा टाळतात. पडून मार लागला आणि दाताची नस मेली तर तो एकच दात राखाडी होतो.

आणि ज्याचं खापर माउथवॉशवर फुटतं पण ज्याचा त्याच्याशी काहीच संबंध नसतो, अशा तीन गोष्टी मला सारख्या दिसतात. पहिली, लोहाचं टॉनिक. मुलाचं हिमोग्लोबिन कमी म्हणून सिरप सुरू होतं आणि दात काळपट दिसायला लागतात. हा डागही वरवरचा असतो. सिरप स्ट्रॉने द्यावं, लहान बाळाला ड्रॉपरने जिभेच्या मागच्या बाजूला सोडावं आणि वर पाणी पाजावं. त्यासाठी टॉनिक बंद करू नका. दुसरी, हिरडीच्या कडेने बारीक काळी रेघ. ती तोंडातल्या विशिष्ट जंतूंमुळे येते आणि अशा मुलांत किडीचं प्रमाण बरेचदा कमीच आढळलंय. तिसरी सगळ्यांत साधी. सहा-सात वर्षांचं मूल हसतं आणि आईला वाटतं, नवे दात पिवळे कसे आले? दुधाचे दात मुळातच जास्त पांढरे असतात. पक्क्या दाताचं आवरण काहीसं पारदर्शक, त्यातून आतला पिवळसर भाग दिसतो. दोन्ही शेजारी शेजारी असले की फरक डोळ्यांत भरतो. दुधाचे पडून गेले की तोही जाणवत नाही.

"सगळ्याच्या मुळाशी फ्लोराइड आहे, पेस्टसुद्धा बंद करा."

या मुद्द्यासाठी मला हा लेख लिहावासा वाटला. फ्लोराइडने दातांवर डाग पडतात हे खोटं नाही, पण कधी आणि कसे ते फॉरवर्डने गाळलंय.

अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावात फ्रेडरिक मॅके नावाचा डेंटिस्ट १९०१ साली आला आणि तिथल्या लोकांचे तपकिरी ठिपक्यांचे दात बघून चक्रावला. कारण शोधता शोधता तीस वर्षं गेली. १९३१ साली एच. व्ही. चर्चिल या रसायनतज्ज्ञाने पाण्यातलं जास्तीचं फ्लोराइड पकडलं. तेव्हाच हेही लक्षात आलं होतं की त्या डागाळलेल्या दातांना कीड कमी लागते. लांब जायला नको, आपल्या शेजारचे झाबुआ आणि धार हे जिल्हे याच त्रासासाठी ओळखले जातात. तिथल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत. त्याहून जास्तीचं पाणी मूल जन्मापासून रोज पीत असेल तर दात घडतानाच बिघडतात. म्हणजे हा डाग वर्षानुवर्षं पोटात जाणाऱ्या फ्लोराइडचा. चूळ भरून थुंकून टाकलेल्या फ्लोराइडचा नव्हे.

आता हिशोब करू. ०.०५ टक्के सोडियम फ्लोराइडच्या १० मिलीत साधारण सव्वादोन मिलिग्रॅम फ्लोराइड असतं. थुंकलं तर त्यातलं फारच थोडं पोटात जातं. पण चार वर्षांचं मूल चूळ गिळतं, आणि रोज गिळलं तर ते कमी नाही. म्हणूनच सहा वर्षांखालच्या मुलाला माउथवॉश द्यायचा नाही. समोरच्या पक्क्या दातांचं आवरण चार-पाच वर्षांपर्यंत घडून होतं, अक्कलदाढा सोडून बाकीचं आठव्या वर्षाच्या सुमाराला. त्यानंतर फ्लोराइडने असा डाग पडूच शकत नाही.

उलट फायदा काय? शाळांमधून देखरेखीखाली फ्लोराइडच्या चुळा दिलेल्या १५ हजारांहून जास्त मुलांच्या चाचण्या कॉक्रेनने २०१६ साली तपासल्या. पक्क्या दातांची कीड सरासरी २७ टक्क्यांनी कमी निघाली.

आणि पेस्ट बंद करणं म्हणजे मुलाला कीड लागायला मोकळीक देणं आहे, हे मी अगदी कळकळीने सांगते. आपल्याकडे पेस्टमध्ये फ्लोराइड १००० पीपीएमपेक्षा (म्हणजे दहा लाख भागांत हजार भागांपेक्षा) जास्त नसावं असा नियमच आहे. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. जाहिरातीत ब्रशभर दाखवतात तेवढी लावू नका. ज्यांचं घर बोअरच्या पाण्यावर आहे त्यांनी पाणी तपासून घ्यावं, त्याने खरा प्रश्न सुटेल.

"लिंबाची फोड मिठात बुडवून घासा."

कृपा करून हे करू नका. लिंबाचा रस चांगलाच आम्लधर्मी आहे, त्याचा पीएच (आम्लपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) दोनच्या आसपास. साडेपाचच्या खाली दाताचं आवरण विरघळायला लागतं. आधी आम्लाने आवरण मऊ करायचं आणि मग मिठाच्या कणांनी खरवडायचं, तेही रात्री, जेव्हा तोंडात लाळ कमी असते. पहिल्या आठवड्यात दात पांढरे वाटतात कारण वरचा डाग आणि त्याच्यासोबत थोडा दातही घासला जातो. आवरण पातळ झालं की आतला पिवळा भाग जास्त दिसतो आणि थंड पाणीही झोंबायला लागतं. डाग पॉलिशिंगने निघाला असता, झिजलेलं आवरण परत येत नाही. कोळशाच्या पावडरीने, राखेने घासण्यालाही हेच लागू.

"पूर्वी कुठे होते माउथवॉश?"

नव्हते, आणि आजही बहुतेक मुलांना त्याची गरज नाही, एवढं मी फॉरवर्डशी सहमत आहे. दोन वेळा फ्लोराइडच्या पेस्टने ब्रश, रात्रीच्या ब्रशनंतर पाण्याशिवाय काही नाही, इतकं होत असेल तर बाटली घेऊन पैसे घालवू नका, हे मी दुकानातही सांगते. दातांना तारा लावलेल्या, वारंवार कीड लागणाऱ्या मुलांना डेंटिस्ट फ्लोराइडची चूळ सुचवतात, त्यांनी ती जरूर घ्यावी. बाकी आजोबांच्या पिढीतल्या कवळ्या कुणी मोजत नाही.

डेंटिस्टने मुलाला क्लोरहेक्सिडिनच लिहून दिलं असेल तर फॉरवर्ड वाचून मध्येच सोडू नका. किती दिवस ते विचारून घ्या आणि तेवढेच दिवस वापरा. पेस्टमधल्या फेस आणणाऱ्या द्रव्याने त्याचा असर जातो, म्हणून ब्रश आणि चूळ यांत अर्धा तास जाऊ द्या. त्या दिवसांत मुलाचा चहा बंद. चव बदलल्याची तक्रार करेल, ती नंतर आपोआप परत येते. डाग आधीच पडला असेल तर घरी काही न घासता दाखवून घ्या. खाजगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर इंदुरात शासकीय दंत महाविद्यालय आहे.

घरात बाटली असेल आणि मागचं बारीक अक्षर लागत नसेल तर त्या बाजूचा स्वच्छ उजेडात फोटो काढून ग्रुपवर टाका. मुलाचं वय लिहा. मी वाचून सांगते.